उंच हिल आणि पुरुषाचे पाऊल

सोनपेठहून एका वाचकाचे पत्र आले आहे. खाली सही नाही. त्यांना विचारायचे आहे ते थोडक्यात असे : उंच हिलचे सँडल पुरुषाने वापरले तर पायाला काही अपाय होतो काय, आणि दुकानात घालून पाहण्याची लाज वाटत असेल तर आपले माप ओळखावे कसे? आरोग्याच्या सदरात हा प्रश्न वाचून काहींना हसू येईल. येऊ द्या. दवाखान्यात हाच प्रश्न निराळ्या रूपाने माझ्यासमोर येतो, आणि तोही पाय मुरगळल्यानंतर किंवा करंगळीची कातडी सोलवटल्यानंतर. तेव्हा आज याच विषयावर लिहितो.

पुरुष आणि हिल ही जोडी वाटते तितकी नवी नाही. इराणचे घोडेस्वार टाच असलेले बूट घालीत. रिकिबीत उभे राहून बाण सोडताना पाय निसटू नये, हा त्यामागचा हेतू. १५९९ साली शाह अब्बासचे वकील युरोपकडे निघाले आणि त्या सुमारास ही तऱ्हा तिकडच्या उमरावांनी उचलली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल हिलचे बूट घालीत असे. १७०१ मधील त्याच्या प्रसिद्ध चित्रात ते स्पष्ट दिसतात. पुढे अठराव्या शतकात पुरुषांनी हिल सोडली आणि ती बायकांची वस्तू ठरली. कॅनडातील टोरोंटो येथे बाटा घराण्याने पुढाकार घेऊन उभे केलेले पादत्राणांचे संग्रहालय आहे. तेथे २०१५ मध्ये केवळ पुरुषांच्या हिलवर एक प्रदर्शन भरले होते. इतके लांब तरी कशाला जायचे? १९७० नंतरच्या दशकात बेलबॉटमखाली जाड तळव्याचे, उंच टाचेचे बूट घालून मिरवलेले काका आपल्याकडे गावोगाव आहेत. घरातला लग्नाचा जुना अल्बम उघडून पाहावा.

आज आपल्या भागात ज्यांना हिल हवी असते ते सगळे एका प्रकारचे नसतात. काहींना उंची हवी असते. मुलगी पाहायला जाताना बुटात दोन इंचांची गादी घालणारे तरुण मला माहीत आहेत. (पोलीस भरतीसाठी कोणी असा विचार करीत असेल तर तो सोडून द्यावा. पुरुष उमेदवाराला १६५ सेंटीमीटर उंची लागते आणि ती अनवाणी मोजतात.) काहींना नाटकासाठी किंवा गॅदरिंगसाठी हवी असते. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात पुरुषाने स्त्रीभूमिका करणे ही कमीपणाची गोष्ट कधीच नव्हती. आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’तील विजय चव्हाणांच्या मावशीवर तर सगळा महाराष्ट्र खूश होता. काही खरेदीदार तृतीयपंथी असतात. आणि काही पुरुष असे असतात, की त्यांना ती वस्तू घालायला आवडते, एवढेच. दार लावून घरातल्या घरात चार पावले चालतात. सर्वांत जास्त धास्तावलेला असतो तो हाच माणूस.

त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. स्त्रीचे कपडे किंवा पादत्राणे घालणे हा रोग नाही. पूर्वी जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अशा वेषांतराची नोंद होती. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या नव्या यादीतून ती काढून टाकली आहे. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही, एखाद्याचे वागणे समाजाच्या रीतीला धरून नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे म्हटले आहे. मुलाच्या कपाटात सँडल सापडले म्हणून त्याला देवऋष्याकडे नेणारे आईबाप त्याचे नुकसानच करतात. तो माणूस भीतीने, एकटेपणाने खचला असेल, झोप उडाली असेल, जगावेसे वाटत नाही असे बोलत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडे अवश्य न्यावे. उपचार त्या खचण्यावर करायचा असतो. सँडलवर काही उपचार नसतो.

आता दुकानाकडे येऊ, कारण खरी गडबड तेथे होते. सोनपेठसारख्या गावात चपलांचा दुकानदार आपल्याला बापाच्या नावाने ओळखतो. तेव्हा ओळख नको म्हणून माणूस गंगाखेड, परळी नाहीतर परभणी गाठतो. तेथेही काउंटरवर ‘मिसेससाठी पाहिजेत’ किंवा ‘बहिणीसाठी’ असे सांगतो. दुकानदार साहजिकच विचारतो, ‘नंबर किती?’ मग माणूस अंदाजाने काहीतरी नंबर सांगतो, पाय न घालता डबा पिशवीत टाकतो आणि बाहेर पडतो. घरी घातल्यावर बोटे चेपतात, टाच मागून बाहेर येते. पण बदलायला परत जाण्याची छाती होत नाही. पैसे गेलेले असतात, म्हणून तोच जोड ओढूनताणून वापरायचा. मोबाइलवरून मागवणाऱ्याचीही तीच गत होते. पार्सल घरच्यांसमोर उघडायचे नाही आणि परत पाठवायचेही नाही. माझ्या अनुभवाने पायाच्या निम्म्या तक्रारींचे मूळ या लपवाछपवीत असते, कारण चुकीच्या मापामुळे हिलचा त्रास दुप्पट होतो. तो कसा, ते पाहू.

आपल्या पावलात २६ हाडे असतात. अनवाणी उभे राहिले की वजनाचा मोठा वाटा टाचेवर येतो आणि बाकीचा पंजावर. टाच उचलली की हा भार पुढे सरकतो. हिल जितकी उंच, तितका बोटांच्या मुळांवर जोर जास्त. शिवाय पाऊल उतारावर असल्यासारखे पुढे घसरते आणि बोटे सँडलच्या निमुळत्या टोकात कोंबली जातात. अंगठा करंगळीकडे वळणे, त्याच्या मुळाशी हाड वर आल्यासारखे दिसणे, भोवऱ्या, तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधली शिर दबून चटके बसणे हे सगळे यातूनच होते.

दुसरी गोष्ट घोट्याची. नडगीच्या खोबणीत बसणारे पावलाचे हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असते. पाऊल सपाट असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. टाच वर गेली की अरुंद भाग पुढे येतो आणि सांधा सैल पडतो. म्हणून हिलवर पाय मुरगळतो आणि बहुधा तळवा आत वळून घोट्याची बाहेरची बाजू दुखावते. बुटात गुपचूप गादी घालणाऱ्यांनाही हा धोका आहेच. उलट थोडा जास्तच आहे, कारण गादीमुळे टाच बुटाच्या मागच्या काठाच्या वर येते आणि तिला आधार उरत नाही.

पोटरी आणि गुडघ्यावरही परिणाम होतो. किमान दोन वर्षे नियमितपणे ५ सेंटीमीटर किंवा त्याहून उंच हिल वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीतील स्नायुतंतू सुमारे १३ टक्के आखूड झालेले २०१० च्या एका अभ्यासात आढळले. त्यांच्या टाचेची शिरही ताठर झाली होती. अशा व्यक्तीला मग सपाट चप्पल घातली तरी पोटरी ओढल्यासारखी वाटते. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाहणीत हिलमुळे गुडघ्याच्या वाटीवरचा ताण वाढलेला आणि सांध्याच्या आतल्या बाजूवरचा दाब सरासरी २३ टक्के वाढलेला दिसला. पाहण्या स्त्रियांच्या झाल्या, पण पोटरी आणि वाटी पुरुषालाही तीच आहे. मात्र यात भर पडते ती वजनाची. लेडीज सँडलच्या तळव्यात हिलपासून पंजापर्यंत एक पोलादी पट्टी असते. हलक्या मालात ती बारीक असते आणि ऐंशी किलोच्या माणसाखाली वाकते. पेन्सिलसारखी हिल तर मुळापासून डुलू लागते. म्हणून पुरुषाने जाड, चौकोनी हिल घ्यावी. आमच्या काळ्या मातीच्या गावात बारीक हिल अंगणात रुतते, ही आणखी एक अडचण.

माप काढायला पैसा लागत नाही. संध्याकाळी, पाय दिवसभराच्या कामाने थोडे फुगलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे. वजन त्याच पायावर हवे. सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी, भिंतीपासून अंतर मोजावे. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. सेंटीमीटरच्या आकड्यात दीड मिळवून बेरजेची दीडपट केली की युरोपीय नंबर साधारण मिळतो. पाऊल २५ सेंटीमीटर असेल तर ४०, २६ असेल तर ४१. नंबर एकाने वाढला की लांबी सुमारे पावणेसात मिलिमीटर वाढते. इंग्लिश नंबरमध्ये, म्हणजे आपण सहा-सात-आठ म्हणतो त्यात, साडेआठ मिलिमीटर.

पण लांबी जुळली म्हणजे काम झाले असे नाही. तेवढ्याच लांबीच्या स्त्रीच्या पावलापेक्षा पुरुषाचे पाऊल साधारणतः रुंद आणि उंच असते. त्यात आपण अनवाणी वाढलेली माणसे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. त्यात भारतीय पावले युरोप-अमेरिकेतील लोकांपेक्षा रुंद निघाली आणि त्यावरून ‘भा’ या नावाची स्वतंत्र मापपद्धत सुचवली गेली. तेव्हा पुढून गोल किंवा उघडा, वर पट्टा आणि बक्कल असलेला नमुना पाहावा. बक्कल सैल-घट्ट करता येते आणि पाऊल पुढे घसरत नाही. लहान दुकानात लेडीज माल सात-आठ नंबरवर संपतो. नसेल तर मागवून घ्यावा, पण ‘वापरून सैल होईल’ यावर विसंबून लहान नंबर घेऊ नये. कातडे थोडेफार सैल होते, रेक्झीन होत नाही.

आणि घालून पाहावेच. त्याला तोड नाही. आधी पाठ टेकून बसावे, दोन्ही पायांत जोड घालावा, बक्कल लावावे, मग कशाचा तरी आधार धरून उभे राहावे. एकाच पायात घालून पाहणे व्यर्थ आहे. उभे राहिल्यावर मागे करंगळी जाईल एवढी फट पडत असेल तर पाऊल पुढे घसरत आहे असे समजावे. दुकानातील गालिच्यावर सगळेच सँडल मऊ लागतात. फरशीवर पाच मिनिटे चालावे, एखादी पायरी चढून-उतरून पाहावी. पाऊल टाकताना घोटा डुलत असेल तर तो जोड आपला नव्हे. ज्याने हिल कधीच घातली नाही त्याने दीड-दोन इंचांच्या पुढे जाऊ नये. नाटकवाल्यांनी प्रयोगाच्या दिवशी नवा जोड काढू नये. तालमीपासून तोच वापरावा.

तोंडाने काय सांगायचे, हा प्रश्न उरतो. ‘मला हवेत, एक्केचाळीस नंबर, जाड हिल’ एवढे पुरे. कारण सांगणे ग्राहकावर बंधनकारक नाही. फारच अवघड वाटले तर दुपारच्या सामसूम वेळी जावे, किंवा समजूतदार मित्र, बहीण, बायको यांना सोबत न्यावे. घरी पत्नीला ठाऊक असेल तर अर्धी चिंता मिटते, असे मी पाहिले आहे.

दुकानदार बंधूंनाही विनंती आहे. गिऱ्हाईक पाय पुढे करतो तेव्हा आपण त्याचे पाऊल पाहावे, काम करणाऱ्या पोऱ्यालाही तसेच शिकवावे. पोऱ्या फिदीफिदी हसला की गिऱ्हाईक चुकीचा जोड घेऊन पळते आणि परत येत नाही. तृतीयपंथी गिऱ्हाइकाबाबत तर कायदाच आहे. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याप्रमाणे सर्वांसाठी खुल्या असलेल्या वस्तू आणि सेवा देताना त्यांच्याशी भेदभाव करता येत नाही.

काहींनी मात्र हिलच्या वाटेला जाऊ नये. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे, त्यांना सँडल चावलेले कळतच नाही. फोड फुटून जखम चिघळते आणि बोट काढण्याची पाळी येऊ शकते. चाळिशी उलटलेल्या पुरुषाने हौस करण्यापूर्वी एकदा रक्तातील साखर तपासून घ्यावी. पायात रक्त कमी पोहोचणारे, नुकताच घोटा मुरगळलेले, तोल जाणारे यांनीही टाळावे.

पाय मुरगळलाच तर तेल लावून चोळू नये आणि हाड बसवणाऱ्याकडे धावू नये. पाय उशीवर उंच ठेवावा, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधावे. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबून दुखत असेल तर एक्स-रे काढावा. ‘कसा मुरगळला’ असे डॉक्टरांनी विचारले की खरे ते सांगावे. जिन्यावरून पडलो म्हणून सांगितले तर महिन्याभरात तोच पाय पुन्हा मुरगळतो.

रोजच्या वापरासाठी हिल नकोच. तास-दोन तास घातल्यावर काढून ठेवावी, पायरीच्या कडेवर पंजा टेकवून टाच हळूहळू खाली सोडावी आणि पोटरीला ताण बसेल असे अर्धा मिनिट थांबावे. प्रत्येक पायाला तीन-चार वेळा. कठड्याला हात धरायला विसरू नये.