घराचें छप्पर आणि गुत्तेदाराची पारख

सुगी सरली, कापसाचे व सोयाबीनचे पैसे हातीं आले, म्हणजे आमच्या कुंभार पिंपळगांवच्या पंचक्रोशींत घराच्या डागडुजीचे विचार सुरू होतात. माघापासून वैशाखापर्यंतचे चार महिने हाच छपराचा हंगाम होय. बैल घ्यावयाचा झाला तर आपण त्याचे दांत पाहतों, खांदा चाचपतों, चार पावलें चालवून घेतों. परंतु बैलाच्या किंमतीच्या कितीतरी पट रकमेचें छप्पर मात्र चहाच्या एका पेल्यावर ठरवितों. हें कसें घडतें व त्यापासून होणारें नुकसान कसें टाळावें, याविषयीं चार गोष्टी वाचकबंधूंपुढें मांडाव्या, असा आमचा हेतु आहे.

आमचें आयुष्य महसूल खात्यांतील कारकुनींत गेलें. दुसऱ्यांचे फेरफार व पंचनामे लिहितां लिहितां ‘बोललें तें लिहून ठेवावें’ हा उपदेश आम्हीं शेंकडों लोकांना केला. आणि स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हां तोच विसरलों. गुत्तेदार ओळखीचा, त्याच्या वडिलांनीं आमचा गोठा बांधलेला. त्याच्याकडे कागद मागणें आम्हांस संकोचाचें वाटलें. फाल्गुनांत निम्म्याहून अधिक रक्कम उचल म्हणून दिली. त्यानें जुनें माळवद उतरविलें, लोखंडी सांगाडा अर्धा उभा केला, आणि तो दुसऱ्या गांवच्या कामावर निघून गेला. निरोप गेले, वायदे झाले. मृग लागला तेव्हां घराच्या दोन खणांवर पत्रे व तीन खणांवर ताडपत्री होती. पहिल्याच वादळी पावसांत ताडपत्री उडाली, आणि पेरणीसाठीं राखलेलें सोयाबीनचें घरचें बियाणें भिजलें. सोयाबीनच्या दाण्याची साल किती नाजूक असते हें शेतकऱ्यास सांगावयास नको. बियाणें विकत आणावें लागलें, पेरणी लांबली, आणि घरांतील मंडळींनीं जें बोलावयाचें तें बोलून घेतलें. दोष गुत्तेदाराचा होता, यांत शंका नाहीं. परंतु काम होण्याआधींच पैसा देऊन त्याला निघून जाण्याची मोकळीक आम्हींच दिली होती, हेंही तितकेंच खरें आहे.

यावरून आम्हांस जें कळलें तें एवढेंच, कीं विश्वास हा माणसाच्या गोड बोलण्यावर न ठेवतां मापावर, कागदावर आणि झालेल्या कामावर ठेवावा. भला गुत्तेदार यांत अपमान मानीत नाहीं.

भिंत आधीं, छप्पर नंतर. — गुत्तेदाराची पहिली परीक्षा त्यानें भाव सांगण्यापूर्वीच होते. जो भिंती, खांब व पाया न पाहतां दारांत उभा राहूनच चौरस फुटाचा भाव सांगतो, त्यास दुरूनच नमस्कार करावा. आमच्या भागांतील जुनीं घरें दगड-मातीच्या भिंतींचीं व माळवदाचीं आहेत. गळती थांबविण्यासाठीं त्यांवर वर्षानुवर्षें पांढरी माती पडत जाते आणि धाब्याचें ओझें वाढत राहतें. अशा घरांचें काय होतें तें मराठवाड्यानें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें पाहिलें. किल्लारीच्या त्या भूकंपांत सुमारें आठ हजार माणसें मृत्यु पावलीं. त्यांतील बहुतेक आपल्याच घराच्या दगडाखालीं व मातीखालीं गाडलीं गेलीं. म्हणून जुन्या मातीच्या भिंतींवरच स्लॅब ओतूं असें जो म्हणेल, त्याचा भाव कितीही स्वस्त असो, तो घेऊं नये. भिंत ओझें सोसणार नाहीं असें जो स्पष्ट सांगतो, तो आपलें काम गमावण्याचा धोका पत्करून खरें बोलत असतो. असा मनुष्य धरून ठेवावा.

जुनें काम पाहणें. — गुत्तेदारानें नुकतेंच पुरें केलेलें काम पाहून उपयोग थोडा. तीन-चार पावसाळे ज्यावरून गेले आहेत अशीं त्याचीं दोन-तीन कामें पाहावीं. तेथील मालकास तीन प्रश्न विचारावे: काम ठरल्या दिवशीं संपलें काय? ठरल्याहून अधिक पैसे मागितले काय? गळती झाली तेव्हां बोलावल्यावर आला काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर सर्वांत मोलाचें. गळणार नाहीं असें छप्पर विरळा. परंतु गळल्यावर येणारा गुत्तेदार त्याहून विरळा.

मापाचा घोळ. — बहुतेक तंटे मापावरून होतात. वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि स्लॅबचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ. त्यांतून मोजणी आंतून धरावयाची कीं बाहेरून, हें ठरलेलें नसतें. समजा, घर ३० फूट लांब व २० फूट रुंद आहे. तें ६०० चौरस फूट झालें. परंतु चारी बाजूंनीं दीड फूट वळचण सोडली तर मोज ३३ गुणिले २३, म्हणजे ७५९ चौरस फूट भरते. उताराची वाढ वेगळीच. भाव तोच, पण हिशेब १५९ फुटांनीं वाढला. यांत कोणी कोणास फसविलेंच असें नाहीं. दोघांच्या मनांत दोन मापें होतीं, इतकेंच. म्हणून भाव कोणत्या मापास लागू आहे, तें आकृति काढून कागदावर लिहावें.

मालाची परीक्षा. — माल गुत्तेदारानें आणावयाचा असेल तर त्याचें वर्णन नेमकें असावें. ‘चांगला पत्रा’ याला कांहीं अर्थ नाहीं; जाडी मिलिमीटरमध्यें लिहावी, कारण ०.३५ व ०.५० यांतील फरक डोळ्यांस दिसत नाहीं. पत्र्याच्या शेवटाचा जोड सुमारें सहा इंच एकावर एक चढलेला असावा, आणि बाजूच्या जोडाची उघडी कड पावसाळी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस असावी. आमच्याकडे तो वारा पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो. प्रत्येक स्क्रूस रबरी वायसर पाहिजे. पत्र्यावर दगड ठेवण्याची जी चाल आहे ती सांगाडा भिंतीस नीट जखडलेला नसल्याची खूण होय. वळवाच्या वाऱ्यांत तेच दगड घरच्या माणसांवर पडतात.

सळईची परीक्षा गणितानें होते. सळया तयार करणारे कारखाने आपल्या जालना शहरांतच आहेत. सळईवर भारतीय मानक १७८६ ची खूण पाहावी आणि वजन करून घ्यावें. जाडीच्या मिलिमीटरांचा वर्ग करून त्यास १६२ नें भागिलें असतां एका मीटरचें वजन किलोमध्यें निघतें. १० मिलिमीटर सळईचें असें वजन ०.६१७ किलो येतें. म्हणजे १२ मीटर लांबीच्या ५० सळया सुमारें ३७० किलो भरल्या पाहिजेत. कारखान्याच्या मालांत थोडा फरक चालतो. परंतु तूट फार असेल तर सळई बारीक आहे असें समजावें.

पाणी कोणाचें? — हा प्रश्न आमच्या भागाचा खास आहे. स्लॅब ओतल्यावर त्यास किमान सात दिवस, आणि वैशाखाच्या उन्हांत चौदा दिवस, सतत ओल लागते. वर आळीं करून पाणी धरावें लागतें. सन २०१३ व २०१६ च्या टंचाईंत आमच्या जिल्ह्यांत पिण्याचें पाणीही टँकरनें आणावें लागलें होतें. पाण्याची तजवीज नसेल तर स्लॅब पुढें ढकलावा हें उत्तम. पाणी कोणीं आणावयाचें आणि दिवसांतून किती वेळां घालावयाचें, हें करारांत लिहावें. टेकूंचेंही तसेंच. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस व त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस काढूं नयेत. सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या कामावर न्यावयाच्या असल्यानें गुत्तेदाराचा जीव घाईंत असतो; त्या घाईची किंमत मालकास द्यावी लागते.

पैसा कामाच्या मागें चालावा. — प्रधानमंत्री आवास योजनेंत सरकारसुद्धां घराची रक्कम एकदम देत नाहीं. काम कोठवर आलें त्याचें छायाचित्र पाहून हप्ता सोडतें. जें सरकारास शहाणपणाचें वाटतें तें आपण कां करूं नये? पत्र्याच्या छपरासाठीं मजुरीची वाटणी आम्ही अशी सुचवितों: करार होतांना दहावा हिस्सा इसार, सांगाडा पक्का बसल्यावर तीन हिस्से, पत्रे चढल्यावर चार, पाणी ओतून परीक्षा झाल्यावर एक, आणि उरलेला एक हिस्सा पहिला मोठा पाऊस झाल्यावर. मालाचे पैसे शक्य तर दुकानदारास स्वतः द्यावे व पावती आपल्या नांवें घ्यावी. कोणत्याही दिवशीं गुत्तेदार निघून गेला तरी त्याजकडे आपला पैसा अडकलेला नसावा, हें या वाटणीचें मर्म आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हप्त्याचें काम झालें असतां पैसे देण्यास टाळाटाळ करणारे मालक आपल्यांत थोडे नाहींत. गुत्तेदारासही शनिवारीं मजुरांचा पगार चुकवावा लागतो. मालकानें हप्ता थकविला म्हणजे तो दुसरीकडील इसार घेऊन निघून जातो, आणि मग आपण त्याला बेइमान म्हणतों. ज्या दिवशीं हप्ता लागू झाला त्याच दिवशीं तो द्यावा. तो बँकेमार्फत दिल्यास पुराव्याची काळजी उरत नाहीं.

कागद. — करारनामा लांबलचक नको. दोघांचीं नांवें, काम, माप, मालाचें वर्णन, भाव, हप्ते, संपविण्याची तारीख, उशीर झाल्यास दर आठवड्याची वजावट, पाणी व विजेची जबाबदारी, मजुरास अपघात झाल्यास खर्च कोणाचा, आणि गळतीची दुरुस्ती किती पावसाळे विनामूल्य, एवढे मुद्दे दोन पानांत मावतात. चालू दराच्या मुद्रांकावर तो लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या. तारीख मृगापूर्वी निदान एक महिना धरावी. मध्येंच काम वाढविलें तर त्याच कागदामागें वाढीव भाव लिहून पुन्हां सह्या कराव्या.

इतकें करूनही फसगत झाली तर उपाय आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वयें घरबांधणी ही सेवा मानली जाते. सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. दिलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाहीं. १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मार्गदर्शन मिळतें. परंतु तेथेंही पहिला प्रश्न विचारला जातो तो कागदाचाच.

आमच्या घराचे उरलेले तीन खण पुढील वर्षीं एका तरुण गुत्तेदारानें पुरे केले. त्यानें आधीं भिंत ठोकून पाहिली, फीत धरून मोज घेतली, आणि आम्हीं मागण्यापूर्वीच म्हणाला, “काका, लिहून घ्या, मागाहून बोलाबोली नको.” त्याचा भाव पहिल्यापेक्षां थोडा अधिक होता. मृगाच्या पावसांत आम्ही बियाण्याच्या पोत्यांशेजारीं कंदील ठेवून रात्रभर बसलों. थेंब पडला नाहीं. सकाळीं त्याचा उरलेला दहावा हिस्सा घेऊन आम्ही स्वतः त्याच्या घरीं गेलों.