तुटलं ते कोणाचं उगवतं?
मेक्सिकोतल्या सोचिमिल्को सरोवरातल्या ॲक्सोलॉट्ल या शेपटीवाल्या उभयचराचा पाय तुटला, तर हाडं, स्नायू, बोटांसकट नवा येतो, तोही मोठेपणी. झेनोपस या आफ्रिकी बेडकाला हे लहान टॅडपोल असतानाच जमतं. पूर्ण बेडूक झाल्यावर तुटल्या जागी येतो तो कूर्चेचा बिनबोटांचा सुळका.

मग ॲक्सोलॉट्लच सरस? तसंही नाही. डोळ्यातलं भिंग काढलं, तर न्यूट हा त्याचा नातलग उभयचर ते परितारिकेच्या पेशींपासून पुन्हा घडवतो. ॲक्सोलॉट्लला हे अंड्यातून बाहेर आल्यावर जेमतेम दोन आठवडेच साधतं. जपानी न्यूटांवरच्या एका प्रयोगात १६ वर्षांत १८ वेळा भिंग काढलं (बिचारे!). दरवेळी नवं आलं. शेवटी ते न्यूट किमान ३० वर्षांचे होते, तरी भिंग मात्र तरुण न्यूटांसारखंच निघालं.