वाळूवरचा पहिला धडा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाशी असलेले एबल टास्मन राष्ट्रीय उद्यान १९४२ मध्ये स्थापन झाले. विस्ताराने ते त्या देशातील सर्वांत लहान. परंतु कयाक या निमुळत्या नौकेतून सागरविहार शिकू इच्छिणाऱ्यांना तेथील सोनेरी वाळूचे, आडोशाचे किनारे विशेष सोयीचे आहेत.

माराहाऊ गावाहून निघण्यापूर्वी मार्गदर्शक पहिला धडा वाळूवरच देतो. नौका उलटली, तर कमरेभोवतीच्या जलरोधक आवरणाची पुढील पट्टी ओढून बाहेर कसे पडावे, हा तो धडा. पट्टी आवरणाखाली दडपली गेलेली नाही ना, हे तो प्रत्येकाजवळ जाऊन पाहतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही यातून सूट नसते, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर वल्हे. नवशिका ते दंडाच्या बळावर ओढतो व लवकरच थकतो. खरे बळ कमरेच्या वळणातून यावे लागते. दोघांच्या नौकेत पुढचा लय धरतो, मागचा पायांनी सुकाणू सांभाळतो. पति-पत्नींच्या सामंजस्याची येथे बरीच कसोटी लागते!

मुक्काम अँकरेजच्या किनाऱ्यावर. तंबू, अंथरूण, शिधा सारे नौकेच्या पोटातूनच येते. भरती-ओहोटीतील फरक सुमारे ४ मीटरपर्यंत जात असल्याने रात्री नौका भरतीरेषेच्या पुष्कळ वर ओढून ठेवतात. वारा वाढला, तर पुढचा किनारा डोळ्यांसमोर दिसत असूनही जाणता मार्गदर्शक पाहुण्यांची नाराजी पत्करून थांबतो. म्हणून परतीच्या विमानाचे तिकीट त्याच संध्याकाळचे काढू नये.