सरोवर दिसले, सरकणारा उतार नाही

सिक्कीमच्या उत्तरेकडील दक्षिण ल्होनाक सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० मीटर उंचीवर आहे. २८ सप्टेंबर २०२३ रोजी 'इस्रो'च्या उपग्रहचित्रांत त्याचे क्षेत्रफळ १६७.४ हेक्टर होते. ४ ऑक्टोबरला सकाळी सहा वाजता ते उरले होते अवघे ६०.३ हेक्टर. मधल्या काळात, ३ ऑक्टोबरच्या रात्री, सरोवराचा बांध फुटून तिस्ता नदीला पूर आला. चुंगथांग येथील १,२०० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाचे धरण उद्ध्वस्त झाले. पन्नासहून अधिक माणसांचा बळी गेला.

हे सरोवर वाढत असल्याचे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते. हिमनदी मागे हटते, तेव्हा तिने वाहून आणलेल्या दगडमातीच्या बांधाआड वितळलेले पाणी साचते. हे सारे आकाशातून दिसते. 'लँडसॅट' मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडण्यात आला. वेगवेगळ्या वर्षांची चित्रे शेजारी ठेवली, की बर्फाची कड किती मागे गेली आणि पाणी किती पसरले, हे मोजता येते. 'इस्रो'ने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, हिमालयीन नद्यांच्या खोऱ्यांत दहा हेक्टरपेक्षा मोठी २,४३१ सरोवरे आहेत. त्यांतील ६७६ सरोवरे १९८४ नंतर लक्षणीय विस्तारली. त्यांपैकी १३० भारतात आहेत.

मग धोका आला कुठून? तर शेजारच्या उतारावरून. २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, काठावरचा सुमारे १ कोटी ४७ लाख घनमीटर गोठलेला दगडमातीचा भराव सरोवरात कोसळला. त्यामुळे सुमारे २० मीटर उंचीची लाट उठली, बांध फुटला आणि सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी खाली धावले.

जी जमीन सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहते, तिला 'पर्माफ्रॉस्ट' म्हणतात. तिच्यातला बर्फ सिमेंटसारखा दगडमाती धरून ठेवतो. हवा तापू लागली, की ही पकड सैल होते. वरून मात्र पूर्वीसारखेच दगडधोंडे दिसतात. साध्या छायाचित्रातून आतला बदल कळत नाही.

इथे रडार उपयोगी पडते. उपग्रह जमिनीकडे लहरी पाठवतो आणि परत आलेल्या लहरींची आधीच्या फेरीतील लहरींशी तुलना करतो. त्यातून जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी समजते. ढग किंवा रात्रीचा अंधारही आड येत नाही. ल्होनाकचा तो उतार कोसळण्याआधी कित्येक वर्षे सरकत होता, हे अशाच नोंदी तपासल्यावर स्पष्ट झाले. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून झेपावलेला 'नासा' व 'इस्रो' यांचा 'निसार' उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच कक्षेतून त्याच भूभागावर परततो. त्यामुळे अशा हालचालींवर नियमित लक्ष ठेवणे सोपे होईल.

अर्थात, उपग्रह म्हणजे धोक्याचा भोंगा नव्हे. जमिनीखालचे तापमान त्याला थेट मोजता येत नाही. त्यासाठी जागेवर छिद्रे पाडून तापमापक बसवावे लागतात. आणि फुटलेले पाणी १२ दिवस थांबत नाही. धोक्याची जागा उपग्रहाने दाखवायची, तिथे पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे आणि खालच्या गावांत भोंगे माणसांनी बसवायचे. सरोवरांची यादी आपल्याकडे आहे. आता प्रत्येक सरोवरापुढे त्याच्या काठाचा उतार किती सरकतो आहे, याचीही नोंद हवी.