हिरडा, सराटा आणि मधली भट्टी

सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. दुसऱ्या टोकाला माण तालुक्यात पाचशे पडला तरी लोक समाधान मानतात. ओल्या टोकाला हिरड्याची झाडं आहेत. कोरड्या टोकाला सराटा माजतो, तो थेट सांगलीच्या आटपाडी-जतपर्यंत. पोट साफ होत नाही म्हणून आणि लघवी अडते म्हणून वैद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जी औषधं दिली, त्यांतली दोन महत्त्वाची अशी घरच्याच मातीतली.

सराट्याचं कौतुक त्या भागात कुणी करणार नाही. पाऊस पडून गेला की जमिनीलगत पसरायचं, पिवळी फुलं धरायची आणि मग काटेरी फळं अनवाणी पायात, मेंढ्यांच्या खुरात, सायकलच्या ट्यूबमध्ये रुतवायची, एवढाच त्याचा उद्योग. काष्ठौषधीच्या दुकानात तोच गोखरू होतो. लघवी सुटायला मदत करणाऱ्या दहा द्रव्यांचा गट चरकसंहितेत आहे, त्यात तो आहे.

पण नुसती वनस्पती म्हणजे औषध नव्हे. जुन्या वैद्यांचं खरं कसब मला दिसतं ते वनस्पतीपासून पुडीपर्यंतच्या वाटेत. हिरड्याबद्दल भावप्रकाशात सांगितलेलं पाहा: चावून खाल्ला तर भूक वाढवतो, वाटून घेतला तर पोट साफ करतो, वाफवला तर उलट मळ बांधतो. फळ एकच, पण कृती बदलली की काम बदलतं. आजचा औषधनिर्माता गोळीवर कोणतं वेष्टण चढवायचं, ती आतड्यात कुठे विरघळायला हवी, याच प्रश्नावर वर्षं घालवतो.

पोट साफ करणाऱ्या गंधर्वहरीतकी चूर्णाची भट्टी जवळून बघण्यासारखी. बी धरण्याआधीचा बाळहिरडा घेतात. वाळला की काळा, सुरकुतलेला, दगडासारखा कडक. कढईत एरंडेल तापवून त्यात तो सोडला की हळूहळू फुगायला लागतो. ह्या क्षणी झारा थांबून चालत नाही. आच जास्त झाली तर जळतो, कमी पडली तर आतून कच्चा राहतो आणि खलबत्त्यात चिवटपणा करतो. नीट फुललेला हिरडा ठिसूळ होतो, दाबला की फुटतो. मग कुटून वस्त्रगाळ चूर्ण, त्यात सुंठ, सैंधव, पादेलोण. एरंडेल नाक दाबून प्यायचा प्रसंग टळतो, हा रोग्याचा फायदा.

गोक्षुरादी गुग्गुळाची कृती शार्ङ्गधरसंहितेत अगदी हिशेबी दिली आहे. गोखरू 28 पल, म्हणजे आजच्या मापात साधारण 1 किलो 350 ग्रॅम. सहापट पाण्यात उकळून निम्मं आटवायचं. गाळलेल्या काढ्यात 7 पल गुग्गुळ शिजवायचा. शेवटी सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळकाठी आणि नागरमोथा, प्रत्येकी 1 पल. म्हणजे लघवीच्या औषधातही हिरडा आलाच. अडचण गुग्गुळाची. तो राजस्थान-कच्छकडून येतो आणि बेसुमार चिरा पाडून डिंक काढल्यामुळे ते झुडूपच नामशेष व्हायच्या वाटेवर आहे.

साताऱ्याची आयुर्वेदीय अर्कशाळा हे नाव पश्चिम महाराष्ट्रातल्या औषधदुकानांत परिचयाचं आहे. अशा कारखान्यांना कच्चा माल, स्वच्छता, नोंदी यांचे नियम पाळावे लागतात. मात्र ग्रंथोक्त औषध ग्रंथातल्याच पाठाप्रमाणे आणि त्याच रोगासाठी बनवलं, तर परवान्यासाठी माणसांवरच्या नव्या चाचण्या सहसा मागत नाहीत. ग्रंथाचा आधार पुरतो. मला ही सवलत कळते, पण पटत नाही.

कारण दुसऱ्या बाजूला, आधुनिक औषधांत, काय चाललंय ते पाहा. मूत्राशयाचा स्नायू भलत्या वेळी आकसतो, माणसाला संडासाकडे धावावं लागतं. तो स्नायू ढिला करायला ऑक्सिब्युटिनिन आलं. अमेरिकेत त्याला 1975 मध्ये मान्यता मिळाली. त्यानं ज्या रासायनिक निरोपाला अडवलं, त्याच निरोपावर लाळ सुटते आणि आतडंही हलतं. परिणामी लघवीची घाई कमी, पण तोंड कोरडं आणि पोट गच्च. एक दार उघडायला जावं तर दुसरं बंद. मणक्याला मार बसलेल्या रोग्याची दोन्ही यंत्रणा आधीच बिघडलेली असते, त्याला हा सौदा फारच महाग. मिराबेग्रॉन वेगळ्या जागी काम करून स्नायू सैलावतं. ते अमेरिकेत मान्य झालं 2012 मध्ये.

गंमत म्हणजे त्याच 2012 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी एरंडेल नेमकं कसं काम करतं ते उंदरांत शोधलं. त्यातलं रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या स्नायूतल्या एका विशिष्ट ग्राहकाला चिकटतं. तो ग्राहक काढून टाकलेल्या उंदरांवर एरंडेलाचा असर होईना. घरोघरी पाजलेल्या तेलाचं उत्तर मिळायला इतका काळ लागला, तर गोखरूकडून घाईनं दावे करून घेण्यात अर्थ नाही. लघवी पूर्ण तुंबली, लघवीत रक्त आलं, किंवा अचानक पाय लुळे पडून ताबा सुटला, तर काढा उकळत बसू नये, दवाखाना गाठावा.

मात्र औषधाचा गुण मोजायला महाग उपकरणं लागतात, ही सबब आहे. मूत्राशयाच्या औषधांच्या चाचण्यांत रोग्याला एक साधी वही देतात: किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर भरली, रात्री किती वेळा उठलात, कपडे ओले झाले का. तीन दिवसांची नोंद पुष्कळ सांगते. शौचासाठी 1997 मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिस्टल तक्ता आहे, त्यात मळाची सात रूपं चित्रांनी दाखवली आहेत; निरक्षर आजीबाईही बोट ठेवून सांगेल. हिरडा किती फुलला हे डोळ्यांनी पारखणाऱ्या वैद्यानं औषध सुरू करण्याआधी ही वही भरून घ्यावी, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा.