कुकर आहे? पंखा आहे?

गोवंडी स्टेशनच्या पूर्वेला, देवनारमध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी १९५६ मध्ये ती सुरू केली. १९८५ मध्ये ती अभिमत विद्यापीठ झाली. इतिहास एवढाच. मी मात्र अडकलो तिच्या एका प्रश्नावलीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून या संस्थेच्या देखरेखीखाली होतं. आरोग्यातली विषमता दाखवायची तर गरीब कोण हे आधी ठरवायला हवं. पण इथे घराचं उत्पन्न विचारतच नाहीत. रोजंदारीवरचा माणूस महिन्याची कमाई काय सांगणार? आणि दुकानदार खरी सांगेल, याची खात्री काय? म्हणून सर्वेक्षणाच्या ताई विचारतात, प्रेशर कुकर आहे? पंखा, गादी, शिलाई मशीन? फरशी कशाची? संडास घरचा की सामायिक? झोपायच्या खोलीत माणसं किती? कोणत्या गोष्टी एकत्र आढळतात, यावरून गणित प्रत्येकीला वजन देतं. मग देशाची लोकसंख्या पाच समान गटांत विभागली जाते. फिल्मर आणि प्रिचेट या अर्थतज्ज्ञांनी ही युक्ती पारखली ती याच सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीवर. आज कितीतरी देशांत ती वापरतात, हे गोवंडीत कुणाला फारसं ठाऊक नसावं!

२०१९-२१ च्या फेरीत ६,३६,६९९ घरं होती. सर्वांत गरीब गटात पाच वर्षांखालची ४६ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, सर्वांत वरच्या गटात २३. वरच्या गटातही जवळजवळ चारातलं एक मूल, हे मला जास्त खुपलं.

मुंबईत मात्र ही मोजपट्टी अडखळते. देशाच्या क्रमवारीत ७४ टक्के शहरी लोक वरच्या दोन गटांत जाऊन बसतात. वीज, पंखा, टीव्ही, मोबाइल झोपडीतही असतो; देवनारच्या कचराभूमीशेजारची हवा त्या यादीत नाही. जिल्हावार आकडे २०१५-१६ पासून मिळू लागले खरे, पण मुंबई उपनगर जिल्हा म्हणजे २०११ च्या जनगणनेतली ९३ लाख माणसं. उच्चभ्रू जुहू आणि कचराभूमीलगतचं शिवाजीनगर यांची एकच सरासरी. २००५-०६ च्या फेरीत मुंबईसह आठ शहरांत झोपडपट्टी आणि बाकी वस्ती वेगळी मांडली होती. पण पालिकेला हवा तो आकडा प्रभागाचा. तो काढायचा तर नमुन्यातली घरं कितीतरी पट वाढवावी लागतील. खर्च कोण करणार?

आणि घरात शिरल्यावर वेगळीच अडचण. नवऱ्याच्या मारहाणीबद्दलचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, तेही एकांतात विचारायचे, असा नियम आहे. एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायचा. नियम योग्यच, बाईच्या जिवाचा प्रश्न आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत सासू, मुलं, रात्रपाळीहून येऊन झोपलेला दीर असताना एकांत आणायचा कुठून? जिथे दाटी सर्वांत जास्त, तिथलीच उत्तरं कोरी राहण्याचा धोका सर्वांत मोठा.