मज्जा रुजल्यानंतरची शाळा

भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी एका नऊ वर्षांच्या मुलीवर झालं. तेव्हा प्रश्न एकच होता, मूल जगेल का? आज थॅलेसेमियाच्या मुलांसाठी मुंबई महापालिकेचं केंद्र मुंबईच्या बोरिवली उपनगरात आहे. म्हणून आता पुढचं विचारायला हवं. मज्जा रुजली, मूल पडघ्यासारख्या गावी घरी आलं, त्याच्या शिकण्याचं काय? माझ्या मते याचं उत्तर दवाखान्याइतकंच, किंबहुना जास्त, गावातल्या वर्गात ठरतं.

शिकण्याशी प्रत्यारोपणाचा संबंध असा: नवी मज्जा घालण्याआधी जुनी रिकामी करावी लागते. रक्ताच्या कर्करोगात त्यासाठी काही वेळा सगळ्या अंगाला रेडिएशन, म्हणजे लोकांच्या भाषेत शेक, देतात. मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, त्यामुळे संदेश वेगाने धावतात. लहानपणी ते अजून चढत असतं, म्हणून शेकाची झळ तीन वर्षांखालच्या मुलांना जास्त बसते. थॅलेसेमियात बहुधा औषधांवरच भागवतात. त्यातलं बुसल्फान मेंदूपर्यंत पोचतं, म्हणून झटके येऊ नयेत यासाठी वेगळं औषध देतात. हे वाचून आईबापांच्या पोटात गोळा येईल. पण अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाने अशा मुलांची पाच वर्षं पाहणी करून २००८मध्ये मांडलेले निष्कर्ष धीर देणारे आहेत. एकंदरीत मुलांच्या बुद्ध्यंकात फारसा फरक पडला नाही, आणि जो पडला त्यात शेकापेक्षा घरच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीचा वाटा मोठा होता. संपन्न देशात हे चित्र असेल, तर आपल्या गावांत घर आणि शाळा यांचं वजन कमी धरून चालणारच नाही.

मग काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. कारण सरासरीखाली एकेक मूल झाकलं जातं. बुद्ध्यंक घसरतो तेव्हा मूल शिकलेलं विसरतंच असं नाही. नवं शिकण्याचा वेग सोबत्यांपेक्षा मंदावतो. फळ्यावरचं उतरवून होण्याआधीच फळा पुसला जातो. त्यात प्रतिकारशक्ती परतेपर्यंत कित्येक महिने शाळा बुडालेली असते. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: जीव वाचला, डोक्यावर कर्ज आहे, आता शिकण्याच्या चाचण्या कसल्या? म्हणूनच तो खर्च आईबापांवर न टाकता चाचणी उपचारानंतरच्या पाठपुराव्यातच धरावी. प्रत्यारोपणानंतरच्या तपासण्यांबद्दलच्या २०१२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही मुलांची बौद्धिक वाढ दरवर्षी तपासायला सांगितलं आहे. शिक्का बसेल ही भीती मला समजते. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि अध्ययन अक्षमता तिन्ही आहेत, आणि अध्ययन अक्षमता असल्यास दहावीला जादा वेळ मिळतो तो प्रमाणपत्र असेल तरच. तपासणी टाळलेल्या मुलाला ‘ढ’ हा शिक्का वर्गात आयताच बसतो. घरी सोडताना औषधांच्या कागदासोबत वर्गशिक्षकांसाठी मराठीत एक पान द्यावं: पुढच्या बाकावर बसवा, लिहायला वेळ द्या, वर्गात गोवर-कांजिण्या निघाल्या तर लगेच कळवा, आणि सहामाहीला काय दिसलं ते याच पानाच्या पाठीमागे लिहून परत पाठवा.